प्रबंधात समीकरण घालू का?

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय आहे गावातल्या महिला बचत गटांत निर्णय कसे होतात. माझे मार्गदर्शक म्हणतात, भौतिकशास्त्रातलं एखादं प्रारूप लावा, दोन-चार समीकरणं आली की प्रबंधाला वजन येतं. शिकून घ्यायची माझी तयारी आहे, पण मन घेत नाही. काय करावं?
— एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मन घेत नसेल तर घालू नका. मी नोकरीची सगळी वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. समीकरणांवर माझा फार जीव आहे, म्हणूनच ती शोभेसाठी टांगलेली मला बघवत नाहीत.

एक घडलेलं प्रकरण सांगतो, ते मार्गदर्शकांनाही जरूर सांगा. २००५ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या मानसशास्त्रातल्या मोठ्या नियतकालिकात बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि मार्सियल लोसाडा यांचा एक शोधनिबंध आला. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या चांगल्या भावनांचं वाईट भावनांशी प्रमाण २.९०१३ च्या वर गेलं की तो बहरतो आणि त्याखाली राहिलं की कोमेजतो. हा आकडा आला कुठून? लोसाडांनी त्याआधी कंपन्यांतल्या ६० गटांच्या बैठका ऐकून कोण चांगलं बोललं, कोण वाईट, याच्या नोंदी केल्या होत्या. त्यावर त्यांनी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांची १९६३ सालची तीन समीकरणं बसवली. ती समीकरणं आहेत खालून तापणाऱ्या हवेच्या किंवा पाण्याच्या थरात प्रवाह कसे उठतात आणि फिरतात याची. त्यांतलं एक चल प्रवाहाचा वेग सांगतं, बाकीची दोन तापमानातले फरक.

भावनांचं माप, आणि तेही दशांशचिन्हानंतर चार घरांपर्यंत! आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने साध्या फूटपट्टीने लांबी मोजून चार दशांश लिहिले असते, तर वहीवर लाल रेघ पडली असती. इथे मात्र तो आकडा काही वर्षं विनातक्रार फिरत राहिला.

तो अडवला निक ब्राऊन यांनी. पन्नाशी गाठलेला हा गृहस्थ लंडनमध्ये अर्धवेळ मानसशास्त्राचं एम.ए.च्या तोडीचं शिक्षण घेत होता. वर्गात हा निबंध समोर आला आणि त्यांना तो पटेना. त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांना लिहिलं, मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांनाही सोबत घेतलं, आणि तिघांनी २०१३ साली त्याच नियतकालिकात उत्तर छापलं. त्यांचे प्रश्न साधे होते. बैठकीत तापमानाच्या जागी नेमकं काय आहे? वेळ कोणत्या एककात मोजली? लॉरेन्झच्या समीकरणांत १० आणि ८/३ हे दोन स्थिरांक येतात. ते प्रवाहाच्या अभ्यासासाठी निवडलेले होते, ते माणसांच्या बोलण्याला का लागू व्हावेत? ते जरा बदलले की २.९०१३ सुद्धा बदलतो. या प्रश्नांना उत्तर नव्हतं. निबंधातला गणिती भाग रीतसर मागे घेतला गेला.

हे सोकल म्हणजे १९९६ साली ‘सोशल टेक्स्ट’ या संस्कृती-अभ्यासाच्या नियतकालिकात मुद्दाम निरर्थक लेख छापून आणणारे तेच. त्या प्रकरणावरून सामाजिक शास्त्रांची टर उडवणारे मला पुष्कळ भेटतात. मला मात्र सोकल यांचं २०१३ चं काम कितीतरी मोठं वाटतं. एका विद्यार्थ्याची शंका त्यांनी गंभीरपणे घेतली आणि त्याच्याबरोबर बसून आकडा मुळापासून तपासला.

भौतिकशास्त्राकडून काही घ्यायचंच असेल, तर समीकरण राहू द्या, चुकांचा हिशेब ठेवायची सवय घ्या. मोजमापात चूक कुठून शिरते, किती शिरते आणि कोणत्या बाजूला झुकते, हा प्रश्न आम्ही पहिल्या प्रात्यक्षिकापासून विचारतो. आपल्या देशात तो सामाजिक पाहणीत आणला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. ते केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकवणारे. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि पुढे बंगालात ताग-भाताच्या नमुना पाहण्या केल्या.

त्यांचा आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांचा १९४० च्या दशकातला वाद तुम्ही मुद्दाम समजून घ्या. वाद होता पीक कापणीचा. शेतात कुठेतरी खुंटी ठोकायची, तिला बांधलेल्या दोरीने वर्तुळ आखायचं, आतलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून एकरी उतारा काढायचा. महालनोबिसांना लहान वर्तुळं हवी होती, कारण तेवढ्याच खर्चात अधिक शेतं होतात. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, की लहान तुकड्यात उतारा फुगतो. कारण वर्तुळाच्या कडेवर उभं असलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, हे विळा धरणारा ठरवतो, आणि त्याचा हात ते आत ओढतो.

कागदावर करून बघा. दोरी चार फुटांची आणि कड एक इंच बाहेर गेली, तर क्षेत्रफळ सुमारे ४.२ टक्क्यांनी वाढतं. दोरी दोन फुटांची असेल तर तोच एक इंच ८.५ टक्के वाढवतो. ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा मोठा आयत घेतला आणि त्याच्या चारही कडा एकेक इंच बाहेर गेल्या, तर वाढ दीड टक्क्याच्या आसपास राहते. आणि खरी मेख पुढे आहे. ही चूक प्रत्येक शेतात एकाच बाजूला पडते. शंभराऐवजी दहा हजार शेतं कापली तरी ती कमी होत नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढतो. माणसं नीट तयार केली तर ही चूक आवरता येते, हे महालनोबिसांचं म्हणणंही खोटं नव्हतं. दोघांनाही एक गोष्ट मान्य होती: मोजणारा माणूस हा मोजमापाचाच भाग आहे.

तुमच्या कामात विळा धरणारा म्हणजे प्रश्नावली धरणारा. महालनोबिसांची एक युक्ती तुम्हाला जशीच्या तशी वापरता येईल. त्याच गावांतून महिलांचे दोन स्वतंत्र नमुने चिठ्ठ्या टाकून काढा आणि दोन वेगळ्या मुलाखतकार मुलींकडे सोपवा. ‘कर्ज कुणाला द्यायचं हे तुम्ही ठरवता का?’ या प्रश्नाला एकीकडे खूप ‘हो’ आणि दुसरीकडे थोडे आले, आणि तो फरक नशिबाने पडावा त्यापेक्षा मोठा असला, तर तो बायकांमधला नाही, विचारणाऱ्यांमधला आहे. शिवाय प्रत्येक मुलाखतीच्या कडेला लिहून ठेवा: त्या वेळी सासू ओसरीवर बसली होती का, नवरा घरात होता का, गटाची अध्यक्ष डोकावून गेली का. या नोंदींचं एक कोष्टक प्रबंधात आलं, तर त्याला जे वजन येईल ते उसन्या समीकरणाने येणार नाही.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होते आहे. मी बी.ए.ला समाजशास्त्र शिकवतो. विज्ञानाचे शिक्षक मुलांना त्याबद्दल सांगतात, मी मात्र गप्प बसतो. आमच्या विषयाला तिथे काही काम आहे का?
— एक प्राध्यापक, हिंगोली

उत्तर : भरपूर आहे, सर. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींनी अवकाश-काळात उठणारे अतिसूक्ष्म तरंग. त्यांच्या शोधाला एक समाजशास्त्रज्ञ जन्मभर चिकटून राहिला आहे. कार्डिफ विद्यापीठातले हॅरी कॉलिन्स. १९६९ साली मेरीलँडच्या जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या जाडजूड दांड्यांवर गुरुत्वीय लहरी टिपल्याचा दावा केला. इतरांनी तशी यंत्रं उभारली, त्यांना काही सापडेना. कॉलिन्स १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या सगळ्या प्रयोगशाळांत जाऊन माणसांशी बोलले. त्यांनी दाखवलेली अडचण अशी: यंत्र चांगलं आहे की नाही हे कळायला ते लहर टिपतं का ते पाहावं लागतं, आणि लहर खरोखर आहे की नाही हे कळायला यंत्र चांगलं असावं लागतं. मग या फेऱ्यातून शास्त्रज्ञ बाहेर कसे येतात? कुणावर विश्वास टाकतात, कुणाची आकडेमोड बाजूला सारतात? हे विचारायला समाजशास्त्रच लागतं.

ते किती खोलवर गेले त्याची एक चाचणी झाली. या क्षेत्रातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने सात प्रश्न काढले. कॉलिन्स आणि एक प्रत्यक्ष काम करणारे शास्त्रज्ञ, दोघांनी उत्तरं लिहिली. नऊ तज्ज्ञांनी नावं न बघता ती वाचली. सात जणांना फरक सांगता आला नाही, आणि उरलेल्या दोघांनी कॉलिन्स यांनाच खरा शास्त्रज्ञ ठरवलं. २००६ साली ‘नेचर’ने ही बातमी दिली. त्यांनी गुरुत्वीय लहरींवरचं एकही गणित स्वतः सोडवलेलं नव्हतं. सगळी कमाई कॅन्टीनमध्ये, परिषदांत आणि बैठकांत वर्षानुवर्षं कान देऊन ऐकण्याची.

शिवाय लायगोच्या शास्त्रज्ञांची स्वतःला तपासण्याची रीत मला अतिशय आवडते. २०१० च्या सप्टेंबरात यंत्रांत मुद्दाम एक खोटा इशारा सोडला होता, आणि तो खोटा आहे हे शेकडो जणांपासून लपवलं होतं. त्यांनी महिनोन्महिने विश्लेषण केलं, निबंधाचा मसुदा तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडल्यावर सगळ्यांना खरं कळलं. त्या तालमीनंतर १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये औंढ्याच्या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तिथे उभ्या राहतील. जमिनीचे व्यवहार, आलेले इंजिनिअर, बाजूच्या गावांतल्या पोरांच्या अपेक्षा, रस्त्यावरच्या ट्रकांचा हादरा आणि त्याला जपणारं यंत्र, हे सगळं आज घडतंय. वीस वर्षांनी विचारलं तर लोक आठवणीतलं सांगतील. मुलांना आत्ताच वही देऊन पाठवा. दर सहा महिन्यांनी त्याच घरांत, तेच प्रश्न.

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र झालो आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्राची ओढ होती, पण आता समाजाचा अभ्यास करावासा वाटतो. सर म्हणतात, हे वरच्या पायरीवरून खाली उतरणं आहे. तसं असतं का?
— एक वाचक, बीड

उत्तर : नाही. इतिहास तर उलटाच आहे. ब्रसेल्सच्या वेधशाळेतले ॲडॉल्फ केटले यांनी १८३५ साली जन्म, मृत्यू, गुन्हे यांच्या आकड्यांतून ‘सामाजिक भौतिकी’ मांडली. एकेका माणसाबद्दल काही सांगता येत नसलं तरी समुदायाबद्दल सांगता येतं, हा विचार तिथे रुजला. वायूच्या कणांचा सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्सवेल यांनी १८७३ च्या व्याख्यानात मोकळेपणाने सांगितलं, की ही पद्धत गणिती भौतिकीत नवी असली तरी सांख्यिकीवाल्यांकडे जुनीच आहे. म्हणजे तुम्ही एम.एस्सी.ला शिकलेल्या सांख्यिकी भौतिकीतलं काही मूळचं समाजाच्या अभ्यासातूनच आलेलं आहे.

अडचण पायरीची नाही, कणाची आहे. चुंबकाचं वागणं समजावणाऱ्या आयसिंगच्या प्रारूपात प्रत्येक फिरकी, म्हणजे छोटा चुंबकी कण, जाळीतल्या आपल्या जागी हजर असते. समाजात तो कण आधी ठरवावा लागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. ऐकायला सोपं आहे. आता तुमच्याच जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कोयत्याची जोडी घ्या. दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको कारखान्याच्या फडावर जातात, लहान लेकरू सोबत असतं, शाळेत जाणारी मुलगी आजीपाशी गावात राहते. गळीत हंगाम संपेपर्यंत चूल दोन ठिकाणी पेटते. मुकादमाची उचल गावात फेडायच्या देण्यात गेलेली असते, आणि मजुरी फडावर त्या उचलीत वळती होत असते. जानेवारीत पाहणी करणारा गावात आला, तर हे कुटुंब कितीचं लिहायचं? त्याचा खर्च कुठला धरायचा? दाराला कुलूप दिसलं आणि त्याने शेजारचं घर घेतलं, तर जिल्ह्याच्या सरासरीतून कोण गळालं?

कोणतंही प्रारूप लिहिण्याआधी या प्रश्नांची उत्तरं तयार करा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अन्वेषकांसाठीच्या सूचना मिळवा, त्यांतली कुटुंबाची व्याख्या आणि तात्पुरत्या गैरहजेरीचे नियम वाचा, मग हंगामात एखाद्या फडावर जाऊन मजुरांच्या दहा कोपींत, म्हणजे झोपड्यांत, ते लावून बघा. कुठे अडतं ते मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहीन.