फॉर्म भरायचा नाही म्हणणाऱ्या मुलीला

सातारा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे मामा परवा घरी आले होते. पुण्यात बी.ए.ला प्रवेश मिळाला, वसतिगृहही मिळालं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “पण दिव्यांगांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला तयार नाही. म्हणते, माझ्या डोळ्यांचे पैसे मला नकोत.”

मला राग आला नाही. अठराव्या वर्षी मीही हेच बोललो होतो, फक्त डोळ्यांच्या जागी पाय होता. आमच्या तालुक्याला साहित्यवाटपाचं शिबिर भरलं होतं. आम्हा पोलिओवाल्यांना सकाळपासून मांडवात रांगेने बसवलेलं. पाहुणे दुपारी आले. मला तीनचाकी सायकल दिली, हार घातला. फोटोवाल्याला फोटो नीट मिळाला नाही, म्हणून सायकल माझ्याकडून परत घेतली आणि पुन्हा दिली. त्या दिवशी ठरवलं, सरकारचं काही घ्यायचं नाही. कॉलेजची तीन वर्षं हट्ट पाळला. त्या तीन वर्षांत कॅलिपरचा, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचा, बूट दोनदा बदलावा लागला आणि दोन्ही वेळा वडिलांनी दुकानदाराकडून उसने घेतले, हे मला ते गेल्यावर त्यांच्या डायरीत वाचायला मिळालं. म्हणजे पायाचा खर्च होतच होता, फक्त तो कोण भरतंय ते मी बघत नव्हतो.

पुढे माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात झाली, शेवटची बरीच वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर. त्यामुळे खिडकीच्या बाहेरचं आणि आतलं, दोन्ही मला ठाऊक आहे. ते तुला लिहून ठेवतो. पटेल ते घे.

आधी एक काम कर. फॉर्मचं राहू दे. एक महिना खर्चाची वही ठेव, पण सगळ्या खर्चाची नको. तुझ्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला जो करावा लागत नाही, तेवढाच लिही. बसचा नंबर दिसला नाही आणि थांब्यावर विचारायला कोणी नव्हतं, म्हणून रिक्षा केली, तो आकडा. नोट्स मोठ्या करून ए-थ्री कागदावर झेरॉक्स काढल्या, तो आकडा. मोठ्या पडद्याचा फोन घेतला, त्यातला वरचा फरक. मैत्रिणीने दोन तास वाचून दाखवलं आणि तू तिला मिसळ खाऊ घातलीस, तीसुद्धा लिही, संकोच नको. महिनाअखेरीला बेरीज कर. शिष्यवृत्ती आहे ती या बेरजेपोटी. डोळ्यांबद्दल कोणी बक्षीस देत नाही, की दयाही करत नाही. केंद्राच्या योजनेत तर निर्वाहभत्ता वेगळा आणि दिव्यांगत्वाचा भत्ता वेगळा लिहिलेला असतो, आणि तो असा वेगळा का, हे तुझी वही तुला सांगेल.

(दिव्यांग हा शब्द मला फारसा रुचत नाही. पण फॉर्मवर तोच आहे, म्हणून वापरतो.)

आणखी एक गैरसमज तुझ्या मनात असावा असं मामांच्या बोलण्यावरून वाटलं. तू प्रवेश गुणवत्ता यादीतून घेतलास, कोट्यातून नाही, याचा तुला अभिमान आहे. तो असू दे. पण कोटा आणि शिष्यवृत्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या, वयाची अट पाच वर्षांनी सैल केली. ती सवलत तू घेतली नाहीस म्हणून शिष्यवृत्तीवरचा हक्क जात नाही. तिथे पाहतात ते दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे का, आणि योजनेप्रमाणे घरचं उत्पन्न.

आता योजना. केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत चालते, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर असते. एका वर्षी एकीचाच लाभ घेता येतो. मुलं दोन्हीकडे भरून ठेवतात आणि मग दोन्ही अडकतात. कुठली घ्यायची ते तुझ्या फीच्या पावतीवरून आणि घरच्या उत्पन्नावरून ठरवू. अनुदानित बी.ए.ची फी किती असणार? तुझा खरा खर्च राहण्याचा आणि वाचण्याचा आहे, तेव्हा भत्त्यांचा तक्ता आधी बघायचा आणि फीचा नंतर.

टॉप क्लास नावाची एक मोठी योजना आहे. उत्पन्नमर्यादा आठ लाख, पण ती केंद्राने जाहीर केलेल्या निवडक संस्थांपुरती आणि देशभरात वर्षाला फक्त ३०० मुलांना. आज ती तुझ्या कामाची नाही. एम.ए.ला चांगल्या संस्थेत गेलीस तर आठवण ठेव. पीएच.डी.साठी वर्षाला २०० जणांना राष्ट्रीय फेलोशिप आहे, परदेशी शिकायला २० जणांना. हे आकडे मुद्दाम लिहिले. देश केवढा आणि जागा किती, हे कळलं की एका योजनेवर डोळे लावून कोणी बसत नाही.

तुझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघालंय, पिवळ्या पट्टीचं, हे मामांनी सांगितलं. म्हणजे ४० ते ७९ टक्क्यांच्या मधलं. सिव्हिलला दोन वर्षं हेलपाटे घालून ते मिळालं, हेही सांगितलं. बरं झालं, अर्धी लढाई तिथेच असते.

उरलेली अर्धी लढाई नावाची आहे. हे मी सविस्तर लिहितो, कारण माझ्या टेबलावर जेवढे अर्ज अडकले त्यांतले बहुतेक पैशावरून किंवा टक्क्यावरून अडकले नव्हते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. इंग्रजीत एखादा ‘ए’ जास्त. माणसाला कळतं की ही एकच मुलगी आहे, यंत्राला कळत नाही. आधार, दहावीची गुणपत्रिका, यूडीआयडी आणि बँकेचं पासबुक ही चार कागदं एकाखाली एक मांड आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. तुला बारीक अक्षर दिसत नाही, तर मैत्रिणीला मोठ्याने वाचायला लाव, अक्षरं सुटी करून.

दुसरं, बँकेचं खातं. पोर्टलवर खातेक्रमांक टाकला म्हणजे पैसे त्याच खात्यात येतात असं नाही. पैसे आधारवरून येतात, आणि आधारला ज्या बँकेचं खातं शेवटी जोडलं गेलं तिथे जमा होतात. गावाकडे शून्य शिलकीवर उघडलेलं, मग विसरलेलं एखादं खातं असतंच. बँकेत जाऊन स्पष्ट विचार, “माझं आधार सीडिंग या खात्याला आहे का?” नुसतं आधार लिंक आहे का, असं विचारू नकोस, काउंटरवरचा माणूस हो म्हणेल आणि तू परत येशील. सीडिंग हा शब्द वापर, सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारची नोंद म्हणजे सीडिंग.

माझी एक चूक सांगतो. एका वर्षी एका अंध मुलाचा अर्ज मी त्रुटी काढून परत पाठवला. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा होता. त्रुटी बरोबर होती, नियमाने केलं. परत पाठवल्याचा मेसेज त्याच्या फोनवर गेला असणार, पण तो फोन घरी भावाकडे. मुलगा रोज माझ्या खिडकीसमोरून वर्गावर जात होता. काठीचा आवाज मला ऐकू येत होता. हाक मारून सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. शेवटची तारीख गेल्यावर तो विचारायला आला, “सर, माझं काय झालं?” त्या वर्षीची त्याची शिष्यवृत्ती गेली. म्हणून सांगतो, अर्ज भरला की काम संपलं असं समजू नकोस. तो आधी कॉलेज तपासतं, मग वरचं कार्यालय. दर सोमवारी अर्जाची स्थिती बघायची. मोबाईल नंबर तुझा स्वतःचा द्यायचा, मामांचा नाही, नेट कॅफेवाल्याचा तर मुळीच नाही. टेबलावरच्या माणसाला आपलं नाव तोंडपाठ झालं पाहिजे, इतके खेटे घालायचे. तो वैतागेल. वैतागू दे, मीही वैतागायचो. पण त्याच मुलांचे अर्ज आधी निघायचे.

पैसे उशिरा येतात. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण इथे कमीच पडते. वर्ष संपल्यावर हप्ता आला तरी नवल मानू नकोस. त्यामुळे या पैशांवर मेसचं बिल अवलंबून ठेवायचं नाही. पहिल्या वर्षी घरून किंवा उसने घेऊन चालव, आणि पैसे आले की ते पुढच्या वर्षासाठी बाजूला काढ. एकदा हे एक वर्षाचं अंतर पाडलं की उशिराचा जाच निम्मा होतो. आणि नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

गावाकडे दोन गोष्टी मामांना करू देत. तुला अठरा पूर्ण झाली आहेत, तेव्हा तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. दिव्यांगांना महिना २५०० रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, आणि तुमचं बसेल की नाही याची मला शंकाच आहे. उगाच कमी उत्पन्नाचा दाखला काढायच्या फंदात पडू नका. तोच दाखला मग सगळीकडे लागतो आणि खोटं निघालं तर सगळीकडेच निघतं. दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुष्कळ गावांत हा निधी कुणी मागत नाही म्हणून पडून राहतो. लेखी अर्ज करायचा, भिंग किंवा अभ्यासाच्या साधनांसाठी, आणि पोच घ्यायची. पोच नसली तर अर्ज केलाच नाही असं धरायचं.

जे पैशांत मिळत नाही तेही माग. परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ मिळायला हवा, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेतला नाहीस तरी वेळ मिळतो. तू स्वतःच लिहिणार हे मला ठाऊक आहे, म्हणून हे आवर्जून लिहिलं. परीक्षा विभागाला सत्र सुरू होतानाच पत्र दे आणि प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात हवी असेल तर किती पॉईंटची, तेही त्यात लिही. ‘योग्य ती सोय करावी’ असं लिहिलेल्या पत्रावर कोणी काही करत नाही. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी केलेलं ऑनलाईन ग्रंथालय. मराठी पुस्तकं हवी तितकी नाहीत, पण नाव नोंदव. विद्यापीठात दिव्यांग मुलांच्या सोयी बघणारं समान संधी केंद्र कुठल्या इमारतीत आहे ते पहिल्या आठवड्यातच शोधून ठेव.

आणि सगळं करूनही कोणी दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. तिथे लेखी तक्रार करता येते. आधी कॉलेजला दोन पत्रं, त्यांच्या पोचा, मग तिकडे. आधीच तक्रारीची भाषा केलीस तर टेबलावरची माणसं आखडतात. हा अनुभव आतल्या बाजूचा आहे.

तरीही नको असेल तर नको भरूस. मी जबरदस्ती करणार नाही आणि मामांनाही करू देणार नाही. फक्त महिनाभराची ती वही मला दाखव. डोळ्यांचा खर्च सध्या कोण भरतंय, तो रकानाही त्यात आख.

शनिवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. फोन कर. चारही कागदं आणि अक्षरं वाचून दाखवायला मैत्रीण जवळ असू दे.

तुझा,
काका

ता. क. तीनचाकी सायकल मी नंतर वीस वर्षं वापरली. फोटो मात्र कधी मागितला नाही.