गॅलरीत पडलेला लाल चोचीचा इवलासा पक्षी कोणता? त्याला काय खायला द्यावं?

तुम्ही कळवलंत ते असं: ठाण्याचा घोडबंदर रोड, सातवा मजला, जूनचा पहिला आठवडा, चिमणीहून लहान, लाल चोच, पिवळं पोट, पाठीवर जांभळट निळी झाक. एवढ्या वर्णनावरून तो तिबोटी खंड्या आहे. कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला नाही. पायाला तीनच बोटं दिसतील, नाव त्यावरूनच पडलंय. रायगडचा जिल्हापक्षी तो हाच.

पावसाच्या तोंडावर हे पक्षी कोकणात विणीला येतात. येऊर, कर्नाळा अशा ठिकाणी ओढ्यांकाठच्या दाट जंगलात मातीच्या उभ्या दरडीत नर-मादी मिळून आडवं बीळ कोरतात. बीळ कधी कधी हातभरापेक्षाही लांब असतं. प्रवास रात्रीचा असतो, त्यामुळे दिवे आणि काचा त्यांना चकवतात. सकाळी गॅलरीत सापडतो तो बहुतेक आपटून सुन्न झालेला असतो.

खायला काहीही देऊ नका. तांदूळ, पाव तर नाहीच. हा पाली, सापसुरळ्या, खेकडे, बेडूक, नाकतोडे खाणारा. भक्ष्य फांदीवर आपटून मग गिळतो. चोचीत पाणीही सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. निम्मे पक्षी आपल्या मायेनेच मरतात, असं मला वाटतं.

बुटाचा खोका घ्या, पेन्सिलीने आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती फडकं घाला. कापूस नको, नखं अडकतात. पक्ष्यावर हलका रुमाल टाकून पाठीकडून उचला. छाती दाबू नका. छाती फुगली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही, मुठीत गुदमरतो. झाकण लावून तासभर अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. फोटोसाठी दर पाच मिनिटांनी झाकण उघडलंत तर तासभर थांबण्याचा उपयोग नाही.

आतून फडफड ऐकू आली की खोका घरात उघडू नका, पंख्यात जाईल. दिवसाउजेडी, पाऊस थांबलेला असताना, येऊरच्या पायथ्याशी दाट झाडीत न्या आणि झाकण काढून बाजूला व्हा. आसपास कावळे असतील तर जागा बदला. पंख लोंबत असेल, चोचीतून रक्त येत असेल किंवा दोन तासांनीही मान टाकलेलीच असेल, तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. घरी पाळायचा विचार नको, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून पहिल्या पावसाच्या दिवसांत रात्री गॅलरीचा दिवा बंद ठेवा. काचेला बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटवा, दोन ठिपक्यांत पाच सेंटीमीटरच अंतर ठेवून. बाजारात मिळणारं ससाण्याचं एकच स्टिकर लावून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतो.