आमदार निवडताना उमेदवाराचा धर्म बघावा का?

तुम्ही बघितलात तरी कायदा तुम्हाला अडवत नाही, मतदान गुप्त असतं. अडवतो तो उमेदवाराला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, जात किंवा भाषेच्या नावावर मतं मागणं हे भ्रष्ट आचरण. त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करणंही त्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं. प्रकरण लांबचं नाही, सांताक्रूझचं, १९९० च्या निवडणुकीतलं. (म्हणजे निकालाला किती वर्षं लागली बघा!)

मी कळव्यात राहतो. मुंब्रा आणि आम्ही एकाच मतदारसंघात. सकाळच्या स्लो लोकलला लटकताना शेजारच्याचं आडनाव कोणी विचारत नाही. उमेदवाराला मी तरी आधी पाण्याचं विचारतो.