छाती गार करणारी बातमी इंग्रजीत उबदार का होते?

प्रश्न असा आहे: आनंदाच्या बातमीबद्दल अरबीत 'अथ्लज सद्री' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'बातमीनं माझी छाती बर्फासारखी गार केली'. इंग्रजीत मात्र याचं 'इट वॉर्म्ड माय हार्ट' केलेलं दिसतं. गारव्याच्या जागी ऊब आली, मग अर्थ उलटा झाला नाही का?

नाही झाला. भाषांतर योग्य आहे. उन्हाच्या मुलुखात सुख गारव्यात असतं, आणि मराठी माणसाला हे सांगायची गरज नाही. लेकरांना पाहून आपले डोळे निवतात, तसाच अरबीतला 'कुर्रत अल्-ऐन' म्हणजे डोळ्यांचा गारवा. पत्नी आणि मुलं अशी डोळ्यांचा गारवा व्हावीत, ही प्रार्थना कुराणात आहे (25:74). अब्दुल्ला युसूफ अली यांनी तिथे 'कम्फर्ट ऑफ अवर आइज' असं इंग्रजी केलं. डोळे ठेवले, गारवा सोडला. इंग्रजीत नुसतं 'कोल्ड' लिहिलं असतं तर माया आटल्यासारखं वाटलं असतं.

परकं चित्र निदान आपल्याला सावध तरी करतं. ओळखीचं चित्र जास्त फसवतं. 'यद वाहिदा ला तुसफ्फिक' म्हणजे एका हाताने टाळी वाजत नाही. मराठी माणूस लगेच भांडणाकडे वळतो: दोष दोघांचाही असणार. पण अरबीत हे सहसा मदत मागताना, एकजुटीसाठी म्हणतात. तिथे 'इट टेक्स टू टू क्वॉरल' लिहिलं, तर हाक मारणारा माणूस ठपका ठेवणारा होऊन बसतो. 'वी कान्ट डू इट अलोन' एवढं साधं वाक्य तिथे बरं.

सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे 'कसीर अर्-रमाद', खूप राख असलेला माणूस. कवयित्री अल्-खन्सानं आपल्या मारल्या गेलेल्या भावाचं, सख्रचं, असं वर्णन केलं आहे. राख खूप, म्हणजे चूल सतत पेटलेली. चूल पेटलेली, म्हणजे पाहुण्यांचा राबता. म्हणजे माणूस दिलदार. अरबी साहित्यशास्त्रात याला 'किनाया' म्हणतात. 'जबान अल्-कल्ब', भित्र्या कुत्र्याचा धनी, हीसुद्धा स्तुतीच: पाहुण्यांची इतकी सवय की कुत्रं कुणावर भुंकतच नाही. इंग्रजी वाचकाला राखेत उद्ध्वस्त घर दिसेल. म्हणून कवितेत मी राख ठेवीन, पण शेजारी चूल आणि पाहुणे आणून बसवीन. नुसतं 'जेनरस' लिहिलं की कविता संपली.

'हुनैनचे दोन जोडे घेऊन परतला' याचं मात्र तसं नाही. हुनैन चांभाराशी एका बदूनं, म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या अरबानं, घासाघीस केली आणि जोडे न घेताच निघाला. हुनैननं वाटेत जोडीतला एक जोडा टाकला, पुढे दुसरा. एकटा जोडा काय कामाचा, म्हणून बदूनं पहिला सोडला; पुढे दुसरा दिसला. पहिला जोडा आणायला बदू मागे वळला, तेवढ्यात हुनैननं त्याचा लादलेला उंट पळवला. बदू घरी आला तो नुसते जोडे घेऊन. बातमीत वा पत्रात ही कथा सांगत बसू नये; 'केम बॅक एम्प्टी-हँडेड' पुरतं, आपल्या 'हात हलवत परत आला'सारखं. कादंबरीतला म्हातारा बोलत असेल, तर हुनैनला त्याच्या नावासह इंग्रजीत येऊ द्यावं.