स्वभाव उपजत असतो, पण नीती?

तुम्ही विचारलंय की व्यक्तिमत्त्व आणि नीतिमत्ता जन्मजात असतात की समाज त्यांना घडवतो. माझ्या मते दोन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही. स्वभावाचा बराच भाग उपजत असतो. नीतीच्या बाबतीत जन्माने फक्त कुवत मिळते.

एकाच घरातली दोन भावंडं तान्हेपणापासून वेगळी असतात, हे कुठलीही आई सांगेल. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांचा तान्ह्या वयापासून अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं. पण मूल पुढे कसं निघतं, हे त्याचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचं किती जमतं यावरही अवलंबून होतं. बुजऱ्या मुलाला सतत पुढे ढकललं तर ते आणखी मिटतं.

जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली तर माणसामाणसांतल्या फरकांपैकी ४९ टक्के आनुवंशिक निघाले. याचा अर्थ ‘मी निम्मा जनुकांनी बनलोय’ असा लोक घेतात, तो चूक आहे. हा आकडा लोकांमधल्या फरकांबद्दल आहे, एकेका माणसाबद्दल नाही.

आता नीती. तापट माणूस साहेबासमोर गप्प बसतो आणि घरी येऊन बायकोवर ओरडतो. तापटपणा त्याने जन्मतः आणला असेलही, पण राग कुणावर काढलेला चालतो हे तो आजूबाजूला बघूनच शिकलेला असतो. म्हणूनच ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून असल्या वागण्यावर पांघरूण घातलेलं मला अजिबात पटत नाही.

मदतीची ओढ मात्र फार लवकर दिसते. २००६ मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केले. कपडे वाळत घालताना एका माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही. कुणी सांगितलेलं नसतं, खाऊचं आमिष नसतं, तरी मूल दुडुदुडु जाऊन चिमटा उचलून देतं. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम टाकला, तर मुलं फारशी उठत नाहीत. म्हणजे समोरच्याला काय हवंय हेही त्यांना कळतं!

पण रास्त वाटा किती, हे समाज ठरवतो. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी पंधरा छोट्या समाजांत एक खेळ खेळून पाहिला. एकाला रक्कम मिळते, त्याने दुसऱ्याला हिस्सा देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही काहीच नाही. पेरूतले माचिग्वेंगा जमातीचे लोक सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास देऊ करत होते, इंडोनेशियातले लामालेरा गावचे लोक निम्म्याहून जास्त. माचिग्वेंगांचं प्रत्येक कुटुंब बरंचसं आपापलं कमावून खातं. लामालेरांना मात्र देवमाशाची शिकार एकट्याने जमतच नाही; एका होडीत अनेकजण लागतात, आणि मिळालेलं मांस कुणाला किती द्यायचं याचे नियम आधीच ठरलेले असतात.