सुशीचे दोन रोल आणि चार पोळ्या

प्रश्न : माझे वय ६१ असून नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. मुलगा चाकणच्या एका जपानी कंपनीत आहे. त्याने आम्हा दोघांना कल्याणीनगरला जपानी जेवायला नेले. तळलेले नको म्हणून मी सुशीचे दोन रोल आणि तेरियाकी चिकन घेतले, तरी दोन तासांनी साखर २४७ भरली. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. काय मागवावे? पत्नी शाकाहारी आहे. तिला मिसो सूप चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही तेलावर लक्ष ठेवलेत आणि भात नजरेतून सुटला. सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक सुशीचा आधार व्हिनेगर लावलेला भात असतो आणि भाताशिवाय वाढलेल्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. हा तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट असतो, आणि शिजल्यावर त्यात व्हिनेगरबरोबर मीठ व साखरही कालवतात. तरी खरा भार त्या चमचा-दोन चमचे साखरेचा नसून भाताचाच आहे. आठ तुकड्यांच्या एका रोलमध्ये साधारण ३० ते ४० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे जवळजवळ दोन मध्यम पोळ्यांइतकी. तुमच्या दोन रोलांच्या चार पोळ्या झाल्या. पण ताटात चौथी पोळी घेताना जो हात आखडतो, तो असे नीटस, गार तुकडे एकेक उचलताना आखडत नाही. त्यातच तेरियाकीची ती चकाकी सोया सॉस, साखर आणि मिरिन ही तांदळाची गोड दारू आटवून आणलेली असते.

पुढच्या वेळी सुरुवात एदामामेने, म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगांनी करावी. मटाराच्या शेंगांसारख्या त्या सोलून खाण्यात वेळ जातो, आणि १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. मग साशिमी किंवा याकितोरी घ्यावी. मात्र काडीवर भाजलेले हे चिकन मीठ लावलेले, म्हणजे ‘शिओ’ मागावे, कारण ‘तारे’ म्हटले की पुन्हा गोड सॉस आला. चवानमुशी हा वाफवलेल्या अंड्याचा पदार्थही चांगला. सुशीचा मोह असेलच, तर भाताच्या छोट्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या निगिरीचे दोन-तीन तुकडे शेवटी खावेत. प्रथिने आणि भाज्या आधी पोटात गेल्या की भाताने साखर तितक्या झपाट्याने चढत नाही.

नूडल्समध्ये उदोन आणि रामेन गव्हाच्या पिठाच्या असतात. सोबा कुट्टूची म्हणून पथ्याची वाटते, परंतु तीही पिष्टमयच, आणि बहुधा गहू मिसळलेली. अपवाद शिराताकीचा : ती कोन्याकू या आपल्या सुरणाच्या भाऊबंद कंदापासून करतात आणि त्यातील तंतू पचत नसल्याने साखर जवळजवळ वाढत नाही. (सुरणाला मात्र हा न्याय लावू नये, त्यात स्टार्च भरपूर असतो.)

एक गोष्ट आग्रहाने सांगते. ग्लिमेपिराइड घेऊन कर्बोदके एकदम शून्यावर आणली, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. त्यामुळे त्या दिवशीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे, पण स्वतःच्या मनाने ती चुकवू नये. रक्तदाबही असेल तर सोया सॉस वाटीत ओतू नये, तुकड्याचे टोक तेवढे बुडवावे : एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे.

मिसो हा सोयाबीन आंबवून केलेला लगदा असला, तरी सूपचे पाणी, म्हणजे दाशी, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांचे असते. पत्नीसाठी कोम्बू या समुद्री शेवाळाचीच दाशी वापरली आहे का, हे वाढप्याला नव्हे, स्वयंपाकघरात विचारून घ्यावे.