घोरण्याचा रकाना

भांडुपहून तुम्ही विचारले आहे की, बहिणीने भरलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळायची वेळ आता आली आहे, न्हावा शेव्याहून कंटेनरचे ट्रेलर चालवण्याचा १४ वर्षांचा अनुभव आहे, परंतु स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा विकार, निघाल्याने रात्री सीपॅप मशीन (मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र) लावावे लागते. तर अमेरिकेत ट्रक चालवण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मिळेल का? मिळेल. मी न्यू जर्सीत राहून हेच काम करतो आणि तसलेच मशीन लावतो. परवान्याच्या पायऱ्या सरकारी संकेतस्थळावर आहेत, त्या येथे सांगत नाही.

तिथल्या केंद्रीय नियमांत स्लीप ॲप्नियाचे वेगळे कलम नाही. गाडीवरचा ताबा जाईल असा श्वसनाचा विकार नसावा, एवढेच ते म्हणतात. २०१६ साली स्वतंत्र नियमाची हालचाल झाली आणि २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्यामुळे सारे काही तपासणाऱ्या डॉक्टरवर येऊन थांबते. प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षांचे असते, आपल्यासारख्यांना ते बहुधा १ वर्षाचे मिळते, आणि त्यासाठी डॉक्टर मशीनमधल्या नोंदी मागतात: रात्रीला किमान ४ तास वापर, आणि अशा रात्री शेकडा ७० तरी.

आता जे सांगायला संकोच वाटतो, ते सांगतो. तपासणीच्या फॉर्मवर मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबणे, दिवसा पेंग येणे यांचा एक रकाना असतो, आणि पहिल्या वेळी मी तिथे ‘नाही’ अशी खूण केली. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत घोरणे हा थट्टेचा विषय होता, आजार नव्हता, आणि आरटीओच्या फॉर्म १-अ साठी, म्हणजे परवान्याच्या वैद्यकीय दाखल्यासाठी, मला ते कधी कोणी विचारलेही नव्हते. पुढे पेनसिल्व्हेनियात आय-८० महामार्गावर पहाटे चारच्या सुमारास कडेच्या खाचांवर टायर घरघरले आणि त्या आवाजाने मी जागा झालो. जागा झालो, म्हणजे त्याआधी झोपलो होतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन सगळे सांगितले. खोटी माहिती भरल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे त्याच फॉर्मवर छापलेले आहे. मी ते वाचूनच सही केली होती.

कागदांचा राग मात्र अजून गेलेला नाही. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा लालबागला तेराव्यापर्यंत राहिलो. खोलीत दाटीवाटीने नातेवाईक झोपलेले, मध्ये दिवा तेवत असलेला, अशा वेळी तोंडावर मुखवटा चढवून झोपायची मला लाज वाटली आणि मशीन बॅगेतच राहिले. परतल्यावर महिन्याचा अहवाल निघाला: ३० पैकी १७ रात्री, म्हणजे ५७ टक्के. तपासणाऱ्या बाईंनी सहानुभूतीने ऐकून घेतले आणि प्रमाणपत्र ३० दिवसांचेच दिले. त्यानंतर झोपेच्या दवाखान्यातून जाणारा नवा अहवाल दोनदा फॅक्स करूनही पोहोचला नाही, मुदत उलटली, आणि मी ९ दिवस बिनपगारी घरी बसलो.

म्हणून मुंबईतल्या झोपेच्या तपासणीचा मूळ अहवाल आणि निघण्यापूर्वीच्या ३ महिन्यांच्या मशीनच्या नोंदी छापून जवळ ठेवा, डॉक्टर अहवाल पाठवतील या भरवशावर राहू नका. मशीन हातसामानातच आणा. ट्रकच्या केबिनमध्ये झोपायचे असेल तर १२ व्होल्टचा ॲडॅप्टर घ्या आणि बॅटरी सांभाळायची झाल्यास हवा ओलसर करणारा भाग बंद ठेवा.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो असतो, कामात दिवस जातो.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला लालबागला येणार आहे आणि या वेळी मशीन लावून झोपायचे ठरवले आहे. भावाला फोनवर तसे सांगितले, तर तो म्हणाला की कॉटजवळ प्लग एकच आहे आणि तो फ्रीजचा आहे.